पेन्सिलभर जागा

पंच-कार्डांच्या एका लांबट पेटीत दोन हजार कार्डं मावतात. ती एकामागे एक उभी लावली की शेवटच्या कार्डामागे थोडी जागा उरते. सकाळी पावणेदहाला ती जागा नऊ मिलिमीटर होती आणि माझी पेन्सिल तिच्यात सहज उतरत होती. दुपारी तीन वाजता पेटी तीच होती, कार्डंही तीच होती, एकही वाढवलेलं नव्हतं, आणि जागा पाच मिलिमीटर राहिली होती. पेन्सिल वरच अडकली. मी पोलादी पट्टीनं लागोपाठ तीन दिवस मोजलं. तिन्ही दिवस पेन्सिल सकाळी उतरली आणि दुपारी अडकली.

हे मी माझ्या वहीत तारखांसह लिहून ठेवलं. ७, ८ आणि ९ मे १९७९. लिहिलं आणि वही ड्रॉवरमध्ये ठेवून ड्रॉवर लावला.

मी तेव्हा नागपुरातल्या एका सरकारी संगणक केंद्रात प्रोग्रामर होते. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून इथे लागले त्याला सात वर्षं झाली होती. केंद्राचं मुख्य काम बिलं आणि पगार. मशीन एकच, तेही आधी कुठेतरी वापरून झालेलं. माहिती साठवायला त्याला टेप नव्हती. डिस्क एक होती, पण तिच्यावर बिलांची माहिती असायची आणि तिला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही असा लेखी आदेश भिंतीवर चिकटवलेला होता. बाकी सगळ्यांनी आपापलं काम जाड कागदाच्या कार्डांवर भोकं पाडून आणायचं, कार्डं वाचणाऱ्या रीडरमधून वाचवून घ्यायचं आणि छापलेले कागद घेऊन जायचं.

माझं स्वतःचं म्हणावं असं काम एकच होतं, आणि ते मी चौदा महिने उरल्यासुरल्या वेळात करत होते. युरोपातल्या एका विद्यापीठानं पास्कल नावाच्या नव्या भाषेचा कंपायलर सगळ्यांसाठी खुला केला होता. कंपायलर म्हणजे माणसानं लिहिलेल्या प्रोग्रामचं मशीनच्या आज्ञांमध्ये रूपांतर करणारा प्रोग्राम. कंपन्या तो कुलूपबंद डब्यासारखा देतात, आत काय आहे ते दाखवत नाहीत. या लोकांनी मात्र आतली ओळ न् ओळ छापून दिली होती. सोबतच्या पत्रात लिहिलं होतं की हवं ते बदला, नक्कल काढा, दुसऱ्याला द्या, फक्त चूक सापडली तर आम्हाला कळवा. सात वर्षांत मला असं पत्र दुसरं आलं नव्हतं. तो जाड छापील गठ्ठा मी घरी नेऊन पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला होता, मुलं परीक्षेआधी पाठ्यपुस्तक वाचतात तसा.

अडचण अशी की हा कंपायलर स्वतःच्याच भाषेत लिहिलेला. तो चालवायचा तर आधी तोच हातात हवा. त्यावर त्यांनी तोड काढली होती. एका काल्पनिक मशीनच्या आज्ञांमध्ये कंपायलर त्यांनी आधीच उलगडून दिला होता. आपण आपल्या मशीनवर त्या काल्पनिक मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम लिहायचा. तो प्रोग्राम मी लिहिला. मग त्या नकलेवर कंपायलर चालवायचा आणि त्याला स्वतःचाच मूळ मजकूर वाचायला द्यायचा. तो त्याचं रूपांतर करून आज्ञांची यादी छापेल. ही यादी त्यांनी दिलेल्या यादीशी ओळीगणिक जुळली, तर कंपायलर आमच्या मशीनवर स्वतःच्या पायावर उभा राहिला असं समजायचं.

मूळ मजकूर तीन हजार नऊशे बारा कार्डांचा होता. आमच्या मशीनला चौकोनी कंस आणि आणखी काही चिन्हं ठाऊक नव्हती, म्हणून छापील प्रतीवर मी लाल शाईनं बदल केले आणि देवकीनं फेब्रुवारीत तीन आठवडे बसून सगळी कार्डं पंच केली.

देवकी रामटेके नागपुरातल्याच इंदोऱ्याची. तीन वर्षं केंद्रात रोजंदारीवर पंच ऑपरेटर होती. तिची बोटं कीबोर्डावर असताना आवाज पावसासारखा एकसारखा येई. मध्येच थांबून मागे जाणं नाही. ती पंच करी आणि मीराबाई पडताळणीच्या यंत्रावर तोच मजकूर पुन्हा टाइप करत. दोन्ही जुळले तर ते यंत्र कार्डाच्या उजव्या कडेला बारीक खाच पाडतं. देवकीच्या तीन हजार नऊशे बाराही कार्डांना खाच होती.

एप्रिलच्या मध्यापर्यंत चुका माझ्याच होत्या, नकलेच्या प्रोग्राममधल्या. त्या मी एकेक काढल्या. शेवटची सतरा एप्रिलला निघाली. अठरा एप्रिलला एसी बंद पडला.

एसीचा कॉम्प्रेसर जळाला होता. दुरुस्तीची फाइल मुंबईला गेली. मशीनच्या खोलीचं तापमान बत्तीसच्या वर गेलं की मशीन आपणहून बंद पडायचं, आणि बाहेर बेचाळीस होतं. सकाळी सहा ते दहा बिलांचं काम खिडक्या उघड्या ठेवून कसंबसं उरकायचं. त्यानंतर काही चालवणं शक्य नव्हतं. तेव्हा आमचे प्रमुख कृष्णकांत दाणी साहेब रिक्षात घालून आपल्या घरचे दोन कूलर घेऊन आले. खसच्या ताट्या लावलेले, मोठे पत्र्याचे. साहेबांच्या घरी तेवढे दोनच होते.

"घरी आई काय म्हणाल्या?" मी विचारलं होतं.

"म्हणाली, तुझ्या मशीनला उकडतं, मला नाही उकडत का? मी म्हटलं, तुला बत्तीसला बंद पडायची सोय नाही." साहेब हसले आणि स्वतः बाह्या सरसावून कूलर खिडकीत बसवायला लागले.

खोलीत खसचा वास भरला. पारा एकोणतीसवर आला. शिपाई अंजनाबाई दहा वाजता दोन्ही कूलरमध्ये पाणी भरायच्या, बाराला पुन्हा, दोनला पुन्हा. एक ते चार या वेळात मशीन कुणाला नको असे, ते मला मिळालं.

माझा पूर्ण रन, म्हणजे सगळी कार्डं एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत चालवणं, दोन तास चाळीस मिनिटांचा. मशीन एकेक कार्ड वाचे आणि विचार करत बसे. पहिल्या दिवशी तो पन्नास मिनिटांनी थांबला. कार्ड क्रमांक १,१०८ वर एका अक्षराच्या जागी भलतंच अक्षर छापून आलं होतं. दुसऱ्या दिवशी १,१०८ व्यवस्थित गेलं आणि गाडी २,२१७ ला अडली. तिसऱ्या दिवशी ६४०.

केंद्राची पद्धत अशी होती: कार्ड चुकलं की प्रोग्रामरनं 'परत रजिस्टर' नावाच्या जाड वहीत नोंद करायची. तारीख, कार्डाचा क्रमांक, पंच करणाऱ्याचं नाव, प्रोग्रामरची सही, शेवटी पंच करणाऱ्याची सही. नोंद झाल्याशिवाय नवं कार्ड मिळत नसे. आणि चुकलेल्या कार्डाच्या जागी ताजं, कोरडं, आत्ताच पंच केलेलं कार्ड टाकलं की ते कार्ड दुसऱ्या दिवशी हमखास नीट वाचलं जाई. त्यामुळे नोंद करण्यात मला अर्थ वाटत गेला.

देवकी पहिल्या नोंदीच्या वेळी कार्ड उचलून खिडकीच्या उजेडात धरून उभी राहिली.

"भोक तं बराबर आहे, मॅडम."

मी पाहिलं. बरोबर होतं.

"रीडरनं चुकीचं वाचलंय," मी म्हटलं. "पण नवं कार्ड हवं, तर नोंद करावीच लागते."

तिनं सही केली. देवकी रामटेके, पूर्ण नाव, शाळेत शिकवल्यासारखं गोल अक्षर.

मशीन चालवायचा रुपराव. कार्डं रीडरमध्ये ठेवणं, दिवे पाहणं, कागद फाडून देणं हे त्याचं काम. दुपारभर खुर्चीत बसून तो माझा रन कधी थांबतो याची वाट बघे.

"मॅडम, तुमचा कंपायलर आमच्या साळ्यासारखा आहे," एक दिवस तो म्हणाला. "दरसाल येतो येतो म्हणते, अन् बर्डीच्या बसस्टँडवरूनच वापस जाते."

"चूप बस गा," अंजनाबाई कूलरमागून बोलल्या. "तुह्या साळ्याले तू कधी जेवाले इचारलं काय? मंग येईन कायले तो?"

रुपराव हसला. मीही हसले. मग रन ३,००५ ला थांबला आणि कुणी हसेना.

पाच मेची, शनिवारची गोष्ट. दुपारच्या सुट्टीत देवकी कूलरजवळच्या बाकावर डबा उघडून बसली होती. डब्यात भाकरी, वांग्याची भाजी आणि घरचा तळलेला पापड. मी रीडरमधून माझी कार्डं काढत होते.

"पाहा ना मॅडम," ती म्हणाली. "डब्यातून काढला तवा कडक होता. भाजी संपेपर्यंत सादळला पूर्ण."

तिनं पापड उभा धरला. तो ओल्या कापडासारखा वाकला.

मग माझ्या हातातल्या कार्डांकडे बघत ती म्हणाली, "कार्डंही सादळत असन काय मॅडम? कागदच तं होय."

सोमवारी मी घरून पोलादी पट्टी आणली. शाळेत प्रयोगाला करतो तशी दोन थर्मामीटरं शेजारी टांगली, एकाच्या फुग्याला ओलं फडकं बांधलं. दोन पाऱ्यांतल्या फरकावरून हवेतला ओलावा काढता येतो. सकाळी खोलीत तो वीस टक्के होता. दुपारी अडीचला अडुसष्ट.

नऊ तारखेपर्यंत सगळं स्पष्ट झालं. एक छोटा प्रोग्राम केला, कार्डं वाचून जशीच्या तशी छापणारा. बिलांचं काम संपून कूलर सुरू होईपर्यंत मधे जी पंधरावीस मिनिटं मिळत, त्यात सकाळी दोन हजार कार्डं वाचवली. चूक शून्य. तीच कार्डं दुपारी वाचवली. तीन चुका. परत दुपारी, दोन चुका, आणि आधीच्या तीनपैकी एकही नाही. कूलरच्या ओलाव्यानं कार्डं फुगत होती. फुगलेलं कार्ड रीडरच्या फटीतून किंचित अडखळत जाई, आणि भोक समोर येण्याची वेळ केसभर चुके. बिलांची कार्डं सकाळी कोरड्या हवेत जात, म्हणून बिलं चुकत नव्हती. माझीच चुकत होती, आणि माझी सगळी देवकीच्या हातची होती.

म्हणजे कूलर बंद केला तर मशीन चाळीस मिनिटांत तापून बंद. चालू ठेवला तर कार्डं फुगणार. रनला लागणार दोन तास चाळीस मिनिटं. एसी येईपर्यंत दुपारी हा रन पूर्ण होणार नाही, असा त्याचा अर्थ होता. हे मी वहीत लिहिलं नाही. तेवढंच वाक्य सोडलं.

सकाळची वेळ मिळावी म्हणून मी साहेबांकडे दोनदा गेले. कारण सांगितलं नाही, फक्त वेळ मागितली.

"बिलं थांबवून?" साहेब म्हणाले. "अरुंधतीबाई, एक दिवस बिलं उशिरा गेली तर मला मुंबईहून तीन फोन येतात. तुमच्या पास्कलसाठी एकही येत नाही."

"रविवारी?"

"रविवारच्या ओव्हरटाइमची मंजुरी एसीच्याच फाइलमागे लागली आहे."

आणि एक जून जवळ येत होता. त्या दिवशी इंजिनिअरिंग कॉलेजचे प्राध्यापक येणार होते. जुळलेली यादी दाखवली तर जुलैपासून त्यांच्या मुलांना ही भाषा आमच्या मशीनवर शिकवायची असं ठरलं होतं. नाही दाखवली तर साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं की हे प्रकरण बंद, मशीनचे रिकामे तास पगाराच्या नव्या कामाला जातील. चौदा महिने. मला वाटायचं, एका दिवशी नशिबानं तीन हजार नऊशे बाराही कार्डं सरळ जातील. हिशेब केला असता तर तसं होण्याची शक्यता किती ते दहा मिनिटांत कळलं असतं. मी तो हिशेब केला नाही. मी भौतिकशास्त्र शिकलेली बाई, आणि रोज दुपारी एकला नशीब बघायला बसत होते.

आधी उपाय करून पाहिले. पत्र्याच्या ट्रंकेत कार्डं ठेवून आत ओलावा शोषायला चुनकळी ठेवली. ट्रंकेत कार्डं कोरडी राहिली, बाहेर काढून रीडरवर ठेवल्यावर अर्ध्या तासात पुन्हा फुगली. कपाटात शंभरचा दिवा लावून ठेवला. कपाटाच्या व्हार्निशचा वास इमारतभर पसरला आणि चौकीदार बादली घेऊन धावत आला. एक दिवस सुट्टीत देवकीला सोबत घेऊन गच्चीवर कार्डं पसरली. चव्वेचाळीस डिग्रीचं ऊन. वीस मिनिटांत कार्डं कुरडयांसारखी वळली. एक वाऱ्याची झुळूक आली आणि आम्ही दोघी भर उन्हात चारशे कार्डांमागे धावलो.

"वाळत काहून घालून राहिल्या मॅडम?" देवकीनं विचारलं. ती गच्चीच्या कोपऱ्यात वाकून कार्डं गोळा करत होती. "सादळली म्हणूनच ना?"

"बघतेय," मी म्हटलं.

"म्हंजे मह्या हातची गलती नाही."

"मला अजून खात्री करायची आहे."

खात्री मला झालेली होती. तिनं गोळा केलेली कार्डं ठोकून सारखी केली आणि माझ्या हातात दिली. मग पदरानं तोंड पुसत म्हणाली, "सायेबाच्या घरचे कूलर होय. आमी बोलाचं तं आमची हिंमत नाही. तुमी बोलसान तं थे ऐकतीन."

"अजून एक रन बघू," मी म्हणाले.

वळलेली कार्डं पुस्तकांखाली दाबून सपाट करायला दोन दिवस गेले. आठ कार्डं मुडपली होती. ती नव्यानं पंच करायची म्हणून आठ नोंदी. त्या नोंदींत कारण लिहायला रकाना नव्हता.

देवकीचा कायम होण्याचा कागद त्याच महिन्यात निघाला होता, आणि हे मला माहीत होतं. जानेवारी ते जून परत रजिस्टरात तीसपेक्षा कमी नोंदी असतील तरच शिफारस होते. तिचा नवरा हिंगण्याला एका कारखान्यात पाळ्यांवर जायचा. कारखाना हिवाळ्यात दोन महिने बंद होता. तिनं मला हे रडगाण्यासारखं सांगितलं नव्हतं, डबा खाताना सहज सांगितलं होतं, आणि एवढंच जोडलं होतं की कायम झाल्यावर सुट्टीच्या दिवशी घरी बसता येईल, आता रविवारी बसलं की सोमवारी वाटतं आपली खुर्ची असेल का.

नऊ मेला तिच्या नावावर चोवीस नोंदी होत्या.

त्यानंतर नोंदी मी केल्या. रोज एक, कधी दोन. पंचविसावी, सव्विसावी. प्रत्येक वेळी मी माझी सही आधी करायची आणि रजिस्टर तिच्याकडे वळवायची. तिनं कार्ड उजेडात धरणं सोडून दिलं. सही करताना ती माझ्याकडे पाहत असे आणि मी कार्डाच्या खाचेकडे. तिसावी नोंद अठरा तारखेला झाली. त्या दिवशी तिनं सहीखाली बारीक रेघ ओढली. बहुधा पेन टेकलं असेल. मी ती रेघ घरी जाऊनही विसरले नाही.

चोवीस मेचा रन सगळ्यात लांब गेला. एक वाजता सुरू केला. दीड झाले, दोन झाले. छापणाऱ्या यंत्रातून यादी खाली येत होती आणि मी मूळ यादी मांडीवर घेऊन ओळ न् ओळ जुळवत होते. जुळत होती. रुपरावनं खुर्ची जवळ ओढली.

"मॅडम, साळा आज बर्डी पार करून राहिला."

"बोलू नका," मी म्हटलं.

अडीच. दोन पेट्यांमधली दुसरी सुरू झाली. तीन वाजून वीस मिनिटांनी तीन हजार चारशे. देवकी पंचिंगच्या खोलीतून येऊन दाराशी उभी राहिली होती. तिचं यंत्र थांबलेलं होतं. माझे हात ओले झाले होते आणि मी ते साडीला पुसत होते, कागद ओला होऊ नये म्हणून. साडेतीनला रीडर कचकन थांबला. ३,६४०. खाली लाल दिवा. रुपराव उठून गेला, कार्ड काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं. मी ते उचललं. भोकं बरोबर होती, कडेला खाच होती, आणि कार्ड हाताला गार लागत होतं. दोनशे बहात्तर कार्डं राहिली होती.

मी यादीचा कागद दोन्ही हातांत धरून चुरगाळला. असं मी पूर्वी कधी केलं नव्हतं. मग तो पुन्हा सरळ केला, कारण त्यातला बराचसा भाग बरोबर होता.

देवकी दारातूनच म्हणाली, "रजिस्टर आणू काय मॅडम?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. म्हणूनच मला तो सहन झाला नाही.

मी नोंद केली नाही. पण रजिस्टर त्या वेळी कपाटात नव्हतंच. साहेबांनी मागवून घेतलं होतं. चार वाजता त्यांनी आम्हा दोघींना बोलावलं.

साहेबांच्या खोलीत पंखा होता, कूलर नव्हता. त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. टेबलावर रजिस्टर उघडं, त्यावर चष्मा, शेजारी देवकीचा कागद. शेऱ्याची जागा कोरी.

"बस, देवकी," ते म्हणाले. ती बसली नाही. "हे बघ, तुझ्याबद्दल माझी तक्रार नाही. वेळेवर येतेस, उलट उत्तर देत नाहीस. पण हे एकेचाळीस आहेत. जानेवारी ते एप्रिलच्या अर्ध्यापर्यंत चार, आणि मग महिन्याभरात सदतीस. काय झालं? घरी काही आहे का?"

"नाही सायेब."

"मग?"

देवकीनं माझ्याकडे पाहिलं नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत उभी राहिली. "भोकं तं बराबर पडली होती, सायेब. खाच आहे सगळ्याले."

"खाचेचं सोड. मीराबाईंच्या डोळ्यांना आता काय दिसतं ते मला माहीत आहे." साहेबांनी चष्मा उचलून कपाळाला लावला आणि माझ्याकडे वळले. "अरुंधतीबाई, मी हिंगण्याला एका कारखान्यात बोललो. त्यांच्याकडे पंचिंगच्या दोन चांगल्या मुली आहेत. उद्यापासून पाच दिवस देतो म्हणाले. तुमची सगळी कार्डं नव्यानं पंच करून घ्या. एक जूनच्या आत तुम्हाला दोन रन मिळतील. मला तुमचं काम बुडवायचं नाही. चौदा महिने बघतोय मी तुम्हाला."

ते खरंच बोलत होते. त्यांनी माझ्यासाठी फोन केला होता, ज्या कामासाठी त्यांना कुणाचाही फोन येत नव्हता त्या कामासाठी. नवी कार्डं. कोरी, कोरडी, कडक. पहिल्या दिवशी कदाचित पुरा रन जाईलही. पाच दिवस, दोन रन. माझ्या डोक्यात वेळापत्रक तयार व्हायला लागलं होतं. ते मी थांबवण्याआधीच दोन दिवसांपर्यंत पोहोचलं होतं.

"फक्त इथे सही करा," साहेब म्हणाले. त्यांनी देवकीचा कागद माझ्याकडे सरकवला. "प्रोग्रामरचा अभिप्राय लागतो. पंचिंगच्या चुका जास्त, एवढं एक वाक्य. शेरा मी लिहितो. तिला रोजंदारीवर ठेवतोच आहे, काढत नाही."

देवकीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. पंख्याच्या वाऱ्यानं रजिस्टरचं पान उचललं गेलं, साहेबांनी ते तळव्यानं दाबलं. अठरा तारखेचं पान होतं. तिसावी सही, आणि तिच्याखालची बारीक रेघ.

येताना ड्रॉवरमधून पिशवीत टाकलेली वही मी काढली आणि नऊ मेचं पान उघडून साहेबांपुढे ठेवली. पेन्सिल त्यातच होती. साहेबांनी आकडे पाहिले, त्यांना काही कळलं नाही, आणि ते माझ्या बोलण्याची वाट पाहत राहिले.

"साहेब, यातली एकही चूक देवकीची नाही," मी म्हणाले. "कूलरच्या ओलाव्यानं कार्डं फुगतात आणि रीडर चुकीचं वाचतो. हे मला नऊ तारखेपासून माहीत आहे. पुढच्या सतरा नोंदी मी माहीत असून केल्या, त्यात आठ कार्डं तर मीच उन्हात घालून मोडली. त्या मुलींना बोलावू नका. एसी दुरुस्त होईपर्यंत मी दुपारचा एकही रन घेणार नाही. एक जूनला दाखवायला माझ्याकडे काही नसेल, कॉलेजला तसं कळवून टाका."